दिवाळीच्या तोंडावरची भांडणं

संपादक महाशय,

दिवाळी आठवड्यावर आली की घरोघरी नवरा-बायकोत खटके उडू लागतात. आमच्याकडेही उडतात. गेल्या वर्षी निमित्त झालं चकलीचं. ऑफिसातून साडेसातला येऊन मी सोऱ्या हातात घेतला. पीठ घट्ट भिजलं होतं, चकली तुटत होती. यांनी दारातून विचारलं, "जेवायचं कधी?" एवढ्यावरून रात्री अकरापर्यंत वाजलं. भांडण चकलीचं नव्हतंच. माळ्यावरची भांडी, पडदे, दोन्हीकडचे आहेर, भाऊबीजेला मी माहेरी जायचं की नणंदा इकडे येणार, सगळं एकाच डोक्यात होतं.

केंद्र सरकारच्या २०१९ च्या वेळ-वापर सर्वेक्षणात घरकाम करणाऱ्या बायकांची त्यात रोज सरासरी २९९ मिनिटं जात होती, पुरुषांची ९७. हा हिशोब एरवीचा. सणात त्यावर फराळ आणि साफसफाई चढते, मग ठिणगी पडणारच. पुरुषांवरचा ताणही खोटा नाही. बोनस हातात पडेपर्यंत हे रात्री कूस बदलत राहतात, बोलत मात्र नाहीत.

यंदा दसऱ्यानंतरच्या रविवारी आम्ही जुन्या कॅलेंडरच्या पाठीमागे कामं आणि खर्च दोन्ही लिहून काढले. माळा यांच्याकडे गेला. चकल्या बचत गटातल्या ताईंकडून घेणार आहोत. सासूबाईंना ते आधी रुचलं नाही. मग त्याच म्हणाल्या, "करंज्या मात्र घरच्याच. सारण तू कर, मी बसून भरते."

– एक वाचक, सातारा