डंपरचे भाडे ब्रासवर नको, टन-किलोमीटरवर ठरावे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पुणे परिसरात खडी, क्रशसँड (दगड भरडून केलेली वाळू) आणि मुरूम यांच्या वाहतुकीचे भाडे अजूनही बहुतेक ठिकाणी ‘ब्रासमागे इतके’ असेच ठरते, आणि डंपरमालकाचा तोटा व रस्त्यावरची ओव्हरलोड वाहतूक या दोन्हींचे मूळ या पद्धतीत आहे, असे माझे मत आहे. ब्रास म्हणजे शंभर घनफूट. ते आकारमान आहे, वजन नव्हे. खडीचा ब्रास साधारण सव्वाचार टन भरतो, भिजलेल्या क्रशसँडचा त्याहून जड, पण भाडे तेच. दहाचाकी डंपरला २०१८ पासून मालासह २८.५ टनांची परवानगी आहे. त्यातून रिकाम्या गाडीचे अकरा-बारा टन वजा केले, तर कायद्यात जेमतेम चार ब्रास बसतात. तेवढ्यात डिझेल, चालकाचा पगार, टायर आणि बँकेचा हप्ता सुटत नाही, म्हणून पाचवा ब्रास चढतो. गाडी पकडली, तर कायद्यात २०,००० रुपये आणि जादा प्रत्येक टनामागे २,००० रुपये दंड आहे. तो मालकाच्या माथी, आणि त्या दरात माल मागवणारा ठेकेदार नामानिराळा!

अंतराचेही तसेच. सार्वजनिक बांधकाम विभागाच्या दरसूचीत वाहतुकीसाठी किलोमीटरनुसार ‘लीड’ (माल वाहून नेण्याचे अंतर) धरलेले असते, मात्र त्याच कामावरच्या डंपरमालकाला सगळे धरून एकच आकडा सांगितला जातो. आरएमसी (तयार काँक्रीट) प्लांटवरची रांग किंवा शहरातील अवजड वाहनांच्या बंदीच्या वेळेत नाक्यावर खोळंबलेली गाडी यांचा हिशेब त्यात कुठेच नसतो. डिझेलचा दर जून २०१७ पासून अगदी रोजही बदलू शकतो, भाडे मात्र हंगामभरासाठी ठरलेले.

म्हणून भाडे वजनकाट्याच्या पावतीवर, टन-किलोमीटरने (किती टन माल किती किलोमीटर नेला, त्यावर) आणि रिकामी परतफेरी धरून ठरावे. जवळच्या खेपेत भरणे आणि खाली करणे यातच वेळ जात असल्याने तिथे किमान फेरीभाडे असावे. पहिल्या तासानंतर थांबण्याचे पैसे वेगळे मिळावेत, आणि डिझेल ठरावीक रुपयांनी हलले की भाडेही हलावे. रॉयल्टी (खनिजासाठी सरकारला भरायची रक्कम) ब्रासवरच राहू द्यावी, पण ती भाड्यात मिसळू नये.

हे आपसात ठरवून टिकणार नाही, कारण हप्ता थकलेला कोणीतरी कमी भाड्यात गाडी लावतोच. मोटार वाहन कायद्याच्या कलम ६७ नुसार मालवाहतुकीचे किमान व कमाल भाडे ठरवण्याबाबत निर्देश देण्याचा अधिकार राज्य सरकारला आहे. परिवहन विभागाने निदान गौण खनिजांच्या (खडी, मुरूम वगैरे) वाहतुकीपुरता तरी तो वापरावा.

– एक डंपरमालक, मोशी (जि. पुणे)