तुकडे का फुटले: मित्रास पत्र

गंगापूर रोड, नाशिक
१८ जुलै

प्रिय अनंता,
स. न. वि. वि.

तुझं पत्र आणि तुकड्यांची डबी काल हातात पडली. हाडातली पोकळी भरण्यासाठी मुलांनी हायड्रॉक्सीअपेटाइटचे, म्हणजे हाडातल्या मुख्य खनिजाचे, जे तीन जाळीदार तुकडे भाजले, त्यांपैकी दोन वाटेतच फुटले होते. तिसरा चिमटीत धरला तर त्याची पूड झाली. ती पूड पाण्यात कालवून अल्कली दाखवणाऱ्या फिनॉल्फ्थेलिनचा थेंब टाकला आणि लगेच गुलाबी रंग चढला. म्हणजे आत मोकळा चुना आहे. पावसाळ्याच्या हवेत तो ओल ओढतो आणि कळीच्या चुन्यासारखा फुलतो, त्या फुगण्याने तुकडा आतून चिरतो. तेव्हा भट्टीला दोष देऊ नकोस, चूक त्याआधीची आहे.

तू लिहितोस की कॅल्शियम नायट्रेटची बाटली ओलसर झाली होती, म्हणून मुलांनी अंदाजाने थोडं जास्त घातलं. तिथंच घात झाला. हायड्रॉक्सीअपेटाइटमध्ये कॅल्शियम आणि फॉस्फरसच्या अणूंचं प्रमाण १.६७ असावं लागतं. दहा ग्रॅम पावडरीसाठी टेट्राहायड्रेट कॅल्शियम नायट्रेट २३.६ ग्रॅम आणि डायअमोनियम हायड्रोजन फॉस्फेट ७.९ ग्रॅम लागतं. जास्तीचं नायट्रेट नीट धुऊन गेलं नाही, तर भट्टीत त्याचाच चुना होतो. उलट कॅल्शियम कमी पडलं, तर भाजताना त्याचं काही प्रमाणात ट्रायकॅल्शियम फॉस्फेट हा दुसराच पदार्थ बनतं. म्हणून ओल्या बाटलीतलं वजन मुळीच धरू नका. त्याचं द्रावण करा, ईडीटीए या कॅल्शियमला बांधणाऱ्या रसायनाने टायट्रेट करून, म्हणजे ते किती खर्ची पडतं ते मोजून, कॅल्शियम किती आहे ते काढा आणि त्या आकड्यावरून फॉस्फेट मोजा. पावसाळ्यात याला दुसरा इलाज नाही.

दोन्ही द्रावणांचा पीएच अमोनियाने दहाच्या वर न्या. कॅल्शियमचं द्रावण ढवळत ठेवून त्यात फॉस्फेट थेंबाथेंबाने सोडा. पीएच मध्येच उतरतो, म्हणून मीटर बुडवूनच ठेवा आणि लागेल तसा अमोनिया घालत राहा. खाली बसलेला साका रात्रभर मुरू द्या. मग डिस्टिल्ड पाण्याने धूत राहा, निथळलेल्या पाण्याची कंडक्टिव्हिटी (विद्युतवाहकता) जवळपास ताज्या पाण्याइतकी होईपर्यंत. मुलं इथं कंटाळतात आणि दोन पाण्यांवर थांबतात. त्या साक्यात अमोनियम नायट्रेटही असतं, ते भट्टीत जाणं धोक्याचं आहे.

वाळलेली पावडर ९०० अंशांवर दोन तास भाजून घ्या. कच्ची पावडर इतकी बारीक असते की ती पाणी पिऊन टाकते आणि स्लरी, म्हणजे पावडर आणि पाण्याचं मिश्रण, घट्ट लापशी होऊन बसते. भाजलेली पावडर आणि पाणी वजनाने साधारण निम्मंनिम्मं घ्या, त्यात चिकटपणासाठी थोडा पॉलिव्हिनाइल अल्कोहोल आणि कण सुटे ठेवणारं डिस्पर्संट घालून झिर्कोनियाच्या कठीण गोळ्यांसह रात्रभर बॉल मिलच्या फिरत्या डब्यात फिरवा. स्लरी दाबली की पातळ व्हावी आणि सोडली की जागच्या जागी थांबावी.

आता स्पंज, ज्यावर स्लरी चढवायची आणि जो भट्टीत जळून जाळी मागे ठेवतो. गादीवाल्याकडचा फोम चालणार नाही, त्याच्या भोकांवर पातळ पापुद्रे असतात. फिल्टरचा उघड्या जाळीचा पॉलियुरेथेन फोम आणा, इंचाला ४५ छिद्रांचा. म्हणजे एक छिद्र साधारण अर्ध्या मिलिमीटरचं, आणि भाजल्यावर तुकडा आक्रसून ते आणखी लहान होतं. रक्तवाहिन्या आत शिरायला ३०० मायक्रॉनच्या वरची छिद्रं बरी, आणि ती एकमेकांत उघडणारी हवीत. एका छिद्रातून दुसऱ्यात वाटच नसेल, तर हाड कडेला धरेल आणि मधला भाग निर्जीव राहील.

स्पंज स्लरीत दाबून बुडवा, बाहेर काढा, दोन काचांमध्ये हलक्या हाताने पिळा, मग दिव्यासमोर धरा. प्रकाशाचे ठिपके सगळीकडे दिसले पाहिजेत. कुठं काळा डाग दिसला, तर तिथली भोकं बुजली आहेत, तिथं हवेचा हलका झोत मारा. तुझ्या फुटलेल्या दोन्ही तुकड्यांच्या तळाशी असा गच्च थर आहे. उभे वाळवले की स्लरी खाली उतरते, म्हणून वाळताना तुकडे उलटेसुलटे करत राहा.

भट्टीत ६०० अंशांपर्यंत मिनिटाला एकच अंश चढवा आणि तिथं तासभर थांबा. घाई केली तर जळत्या फोमचा वायू कवच फाडून बाहेर पडतो. तो धूर विषारी असतो, एक्झॉस्टशिवाय भट्टी लावूच नका. पुढं मिनिटाला पाच अंशांनी १२५० पर्यंत न्या, दोन तास ठेवा, आणि दार न उघडता थंड होऊ द्या.

एवढं करूनही तुकडा नाजूकच राहील, कारण जिथं फोमचा धागा जळाला तिथं काडी आतून पोकळ असते. भाजलेल्या तुकड्यावर पातळ स्लरीचा दुसरा हात देऊन तो पुन्हा भाजला, तर चिरा भरतात. मुलांचा सगळा भर मजबुतीवर आहे, असं तुझ्या पत्रावरून दिसतं. तो हट्ट सोडायला सांग. हाडाच्या जाळीदार भागाची दाबाची ताकद साधारण २ ते १२ मेगापास्कल असते, फोमवरचे तुकडे बहुधा एकाच्याही आत राहतात. शरीरात भार प्लेट आणि स्क्रू पेलतात. या तुकड्यानं पोकळी धरून ठेवायची आणि हाडाला आत येऊ द्यायचं. भिंत जाड करून ताकद मिळवाल, तर वाटा बंद कराल.

आणखी एक. नुसतं हायड्रॉक्सीअपेटाइट शरीरात वर्षानुवर्षं तसंच राहतं, बीटा ट्रायकॅल्शियम फॉस्फेट मात्र बहुधा सहा महिने ते दीड वर्षात विरघळत जातं. म्हणून पहिलं ६० आणि दुसरं ४० टक्के असं मिश्रण रूढ आहे. पण त्यात बीटा रूप टिकवायचं तर तापमान ११०० च्या आसपासच ठेवावं लागतं, त्याहून फार वर गेलं की त्याचं अल्फा हे दुसरं स्फटिकरूप होतं. हे मिश्रण दुसऱ्या फेरीला करा. आधी एकच पदार्थ एक्सआरडीत, म्हणजे स्फटिक ओळखणाऱ्या क्ष-किरण तपासणीत, स्वच्छ येऊ दे.

नव्या तुकड्यांपैकी तीन सिलिका जेलसह हवाबंद डबीत घालून मला पाठव. कापू नका, घासू नका. सोबत धुण्याच्या शेवटच्या पाण्याचा पीएच आणि टायट्रेशनचे आकडे लिहून दे. काकूंना नमस्कार सांग.

तुझा,
माधव