अंगकोर वाटचा एक दिवस ओवऱ्यांसाठी ठेवा

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

थंडीच्या सुट्टीचे बेत आता मित्रमंडळींत शिजू लागतील. व्हिएतनामला जोडून कंबोडियाचा एकच दिवस घेणारे अनेक गट अंगकोरच्या देवळांजवळच्या सियाम रीप गावी उतरतात. त्या दिवसाचा साचा ठरलेला असतो. पहाटे अंगकोर वाटच्या तळ्याकाठी सूर्योदयाचा फोटो, मग बायोन देवळावरचे दगडी चेहरे, ता प्रोमच्या पडक्या भिंतींवरची झाडे आणि शेवटी फ्नोम बाखेंग टेकडीवरून सूर्यास्त. देवळाच्या ओवऱ्यांना यात जेमतेम अर्धा तास मिळतो. मराठी माणसाला वाटाड्याशिवाय वाचता येईल असे जे काही तिथे आहे, म्हणजे रामायण, महाभारत आणि पुराणांतली शिल्पे, ते तर या ओवऱ्यांतच आहे. म्हणून हे पत्र.

राजा दुसरा सूर्यवर्मन याने १२ व्या शतकात अंगकोर वाट हे विष्णूचे देऊळ बांधायला घेतले. त्याभोवतीची बाहेरची ओवरी १८७ बाय २१५ मीटरची आहे, म्हणजे एक फेरा सुमारे ८०० मीटरचा. आतली भिंत जवळजवळ सलग कोरलेली आहे. शिल्पपटांचा क्रम अप्रदक्षिणेचा आहे, भिंत डाव्या हाताला ठेवून चालायचे. देवळाचे तोंड पश्चिमेला आणि क्रम उलटा, यावरून काही अभ्यासक त्याचा संबंध राजाच्या अंत्यविधीशी जोडतात.

दिवस आखताना पहिला विचार उन्हाचा करावा. देऊळ पश्चिमाभिमुख असल्यामुळे सकाळी दर्शनी बाजू सावलीत असते आणि फोटोत नुसती काळी आकृती येते. पश्चिमेच्या ओवरीत उजेड शिरतो तो दुपारी तीननंतर. कोरीवकामाचा उठाव फार कमी आहे, त्यामुळे उजेड मंद असला की आकृत्या एकमेकींत मिसळून जातात. पूर्वेच्या ओवरीचे नेमके उलटे, तिथे सकाळचे ऊन चांगले. म्हणजे देऊळ एकदाच पाहून उरकायचे नाही. सकाळी दक्षिण आणि पूर्व, दुपारी पश्चिम.

सूर्योदय पाहायचाच असेल तर पाहा, दरवाजे पहाटे पाचला उघडतात. पण सूर्य उगवल्यावर गर्दी न्याहारीच्या टपऱ्यांकडे वळते, तो वेळ दवडू नका. मधल्या दारातून आत येऊन उजवीकडे वळा. पश्चिमेची ओवरी आता न थांबता पार करा आणि कोपऱ्यावरून दक्षिणेच्या ओवरीत जा. आधी सूर्यवर्मनची मिरवणूक लागते. छत्रे मोजत गेलात की राजा सापडतो, सर्वांत जास्त छत्रे त्याच्यावर आहेत. पुढच्या अर्ध्या भागात रेड्यावर बसलेला अनेक हातांचा यम आहे आणि त्याच्या न्यायसभेत चित्रगुप्त. खालच्या पट्टीत ३२ नरक, आणि त्यांची नावे दगडात कोरलेली: अवीची, वैतरणी, रौरव. लिपी वाचता आली नाही तरी नावे ओळखीची आहेत.

कोपरा वळलात की पूर्वेला समुद्रमंथन, सुमारे ४९ मीटर लांब. वासुकीच्या तोंडाकडे ९२ असुर, शेपटाकडे ८८ देव, मध्ये विष्णू आणि खाली कूर्म. दोन जागा जवळ जाऊन पाहाव्यात. रवीच्या बुडाशी समुद्रातले मासे आणि मगरी घुसळणीने तुटून तुकडे झालेले दाखवले आहेत. रवीपासून दूर तेच प्राणी अखंड आहेत. आणि देवांच्या रांगेच्या टोकाला शेपूट धरून एक वानर उभा आहे. त्याला बहुतेक जण हनुमान म्हणतात. आपल्याकडच्या मंथनाच्या कथेत तो नाही, इथल्या शिल्पकाराने त्याला आणला. यापुढचा ईशान्येचा भाग १६ व्या शतकात पुरा केलेला आहे आणि हात कच्चा आहे. कृष्ण-बाणासुर युद्ध तिथेच आहे, पण वेळ अपुरा असेल तर ते सोडायला हरकत नाही.

मधल्या शिखराखालचा वरचा मजला, बाकान, याच वेळी करावा. इथेच गट अडतात. एका वेळी १०० जणांनाच वर सोडतात. खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत, आणि बिनबाह्यांच्या कपड्यावर ओढणी घेतलेली चालत नाही, बाह्यांचाच सदरा लागतो. १२ वर्षांखालच्या मुलांना प्रवेश नाही. बौद्ध पवित्र दिवशी, म्हणजे महिन्यातून साधारण चार वेळा, मजला बंद असतो. तारीख आधी पाहून ठेवावी. एकाच्या अर्ध्या चड्डीमुळे अख्खा गट खाली खोळंबतो, तेव्हा कपड्यांचे आदल्या रात्रीच सगळ्यांना बजावून ठेवा.

नऊच्या सुमारास बायोन. वाटेत अंगकोर थोम या जुन्या राजधानीच्या दक्षिण दरवाजापाशी उतराच. तिथेही एका बाजूला ५४ देव आणि दुसऱ्या बाजूला ५४ असुर नाग धरून आहेत. दुपारच्या आधी ता प्रोम, झाडांच्या सावलीमुळे तिथे ऊन सोसवते. राजा सातवा जयवर्मन याचा हा ११८६ सालचा मठ. तिथल्या दुरुस्तीत भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाचा मोठा वाटा आहे. अंगकोर वाटलाही याच खात्याने १९८६ ते १९९३ या काळात, देशात यादवी असताना, काम केले. मार्गदर्शक हे सांगतोच असे नाही.

बारा ते तीन हॉटेलवर विश्रांती घ्या. गाव सहा-सात किलोमीटरवर आहे, आणि भर दुपारी दगड तापतो. तीनला पुन्हा अंगकोर वाट. पश्चिमेच्या ओवरीच्या उत्तर भागात लंकेचे युद्ध आहे, हनुमानाच्या खांद्यावर राम, मागे लक्ष्मण आणि बिभीषण. दक्षिण भागात कुरुक्षेत्र. डावीकडून कौरव, उजवीकडून पांडव चाल करून येतात. कडेला संथ पावले, शिस्तीत रांगा. मध्याकडे जाल तसे घोडे, रथ, प्रेते एकमेकांवर चढत जातात. वरच्या अंगाला शरशय्येवर भीष्म, आणि अर्जुनाच्या रथावर चार हातांचा कृष्ण. भिंतीचे काही भाग हात लागून लागून काळे, गुळगुळीत झाले आहेत. बोट लावून दाखवू नका.

यासाठी काही गोष्टी वगळाव्या लागतील. बान्ते स्रेईचे देऊळ फार देखणे आहे, पण ३५ किलोमीटरवर; एका दिवसात बसवू नये. बाखेंगवर ३०० जणांचीच मर्यादा आहे आणि रांग चारपासून लागते, म्हणजे कुरुक्षेत्रावर ऊन असते त्याच वेळी. माझ्या मते ती टेकडी खुशाल सोडावी.

आता तिकिटाचे. एक दिवसाचे ३७ डॉलर, तीन दिवसांचे ६२. तिकिटावर प्रत्येकाचा फोटो असतो, त्यामुळे खिडकीवर एकाने सगळ्यांची काढून आणणे जमत नाही. ऑनलाइन काढा, किंवा आदल्या संध्याकाळी पाचनंतर सगळे मिळून जा. तेव्हा काढलेले तिकीट दुसऱ्या दिवसाचे मिळते. पहाटेच्या रांगेत सूर्योदय हुकतो. १२ वर्षांखालील मुलांना तिकीट नाही, पण पासपोर्ट दाखवावा लागतो. प्रत्येक देवळापाशी तपासणी होते, तिकीट हरवले की दुसरे काढावे लागते.

टुकटुकमध्ये चौघे बसतात, पण तिघे सुखाने. दिवसाचे भाडे आधी ठरवा आणि दुपारी परत यायचे आहे हे त्यातच सांगा, नाहीतर चालक दुसरे भाडे धरतो. डॉलर सगळीकडे चालतात, पण जरा फाटलेली वा शाई लागलेली नोट घेत नाहीत; सुट्टे रिएल या तिथल्या चलनात मिळतात, डॉलरला साधारण ४,००० च्या हिशेबाने. शाकाहारी मंडळींनी ‘मांस नको’ एवढ्यावर थांबू नये, फिश सॉस आणि कोळंबीची पेस्ट नको हे वेगळे सांगावे. नवा विमानतळ ऑक्टोबर २०२३ पासून सुरू आहे आणि गावापासून तासाभराच्या अंतरावर आहे, म्हणून आदल्या संध्याकाळी पोहोचणे बरे. २०२५ च्या सीमासंघर्षानंतर थायलंडहून रस्त्याने येण्याचा बेत आखू नये.

सहल कंपन्यांना एक विनंती. कार्यक्रमपत्रिकेत ‘अंगकोर वाट, सूर्योदय’ एवढेच छापता, त्यापुढे ‘दुपारी ३ ते ५, पश्चिमेच्या ओवऱ्या’ ही एक ओळ वाढवा. बसचा मार्ग तोच राहतो आणि तिकीटही तेच चालते.

आपला,
एक वाचक, पुणे