भीतीला उत्तर हवे असते

संपादक महोदय,

संकटात माणसे जवळ येतात, असे आपण नेहमी ऐकतो आणि ते खोटे नाही. मात्र जवळ येताना ती बहुधा कोणाला तरी बाहेर ठेवून येतात, याबद्दल फारसे बोलले जात नाही.

गट पडायला आधीचे वैर लागतेच असे नाही. मानसशास्त्रज्ञ हेन्री ताजफेल यांनी १९७० च्या सुमारास शाळकरी मुलांची केवळ नावापुरती विभागणी केली : पडद्यावरच्या ठिपक्यांच्या संख्येचा अंदाज जास्त करणारे आणि कमी करणारे. इतरांना पैसे वाटून देताना, स्वतःला काहीही मिळणार नसूनही, मुले आपल्या गटाला झुकते माप देऊ लागली. निवांत वेळी हे घडते, तर जिवावर बेतल्यावर काय होत असेल?

१ सप्टेंबर १९२३ रोजी जपानच्या कांतो प्रदेशात भूकंप झाला. तोक्यो आणि योकोहामा जळत होते, वृत्तपत्रांचे बहुतेक छापखाने निकामी झाले होते आणि खात्रीची बातमी मिळेनाशी झाली होती. अशा वेळी कोरियन लोक विहिरींत विष कालवत आहेत, अशी अफवा उठली आणि काही ठिकाणी सरकारी यंत्रणेनेच ती पुढे पोचवली. नाक्यानाक्यावर उभी राहिलेली रक्षकदले वाटसरूंना अडवून ‘पंधरा येन पन्नास सेन’ हे शब्द जपानीत म्हणायला लावत. उच्चार चुकला की माणूस परका ठरे. हजारो कोरियन मारले गेले, काही चिनी आणि वेगळ्या बोलीचे जपानीही. मारणाऱ्यांत साधे रहिवासी होते, ही गोष्ट मला सर्वांत अस्वस्थ करते.

युरोपात प्लेग पसरला तेव्हाही ज्यूंनी विहिरींत विष कालवून तो पसरवला, असा आरोप झाला होता. आज फ्रान्समध्ये असलेल्या स्ट्रासबर्गमध्ये तर १३४९ साली प्लेग शहरात पोचण्याआधीच ज्यूंना जाळण्यात आले. ज्यूही त्याच रोगाने मरत आहेत, हे पोप सहावे क्लेमेंट यांनी आदल्याच वर्षी लेखी बजावले होते. म्हणजे नुसते खंडन पुरत नाही. अनिश्चितता माणसाला सोसवत नाही. ‘अमुक लोकांमुळे हे झाले’ एवढ्या एका वाक्याने ती क्षणात मिटते, म्हणून ते वाक्य खोटे असले तरी सोडवत नाही.

म्हणूनच आपणास विनंती आहे की, आपत्तीच्या पहिल्या दिवसांत काय कळले आहे याच्या शेजारीच काय अद्याप कळलेले नाही, हेही पहिल्या पानावर तितक्याच ठळकपणे छापावे आणि कारण सिद्ध होईपर्यंत कोणाचाही धर्म, वंश वा भाषा मथळ्यात येऊ देऊ नये.

— आपली एक वाचक