उंची कळसूबाईएवढी, हिशेब वेगळा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

अमेरिकेतल्या न्यू हॅम्पशर राज्यातल्या प्रेसिडेन्शियल ट्रॅव्हर्सवरचा (राष्ट्राध्यक्षांच्या नावांची सात शिखरं जोडणाऱ्या ट्रेकवरचा) आपल्या रविवार पुरवणीतला लेख वाचला. सह्याद्रीत नेमाने फिरणाऱ्याला हा ट्रेक एका दिवसात सहज जमेल, असा त्याचा एकंदर सूर आहे. सोबतच्या नकाशात सात शिखरं जोडणारी एकच लाल रेघ दाखवली आहे, मधून खाली उतरणारी एकही वाट नाही. या दोन्ही गोष्टी वाचकांना अडचणीत आणू शकतात, म्हणून हे पत्र.

गफलत उंचीच्या आकड्यापासून सुरू होते. पहिलं शिखर मॅडिसन 1636 मीटर, म्हणजे कळसूबाईपेक्षा 10 मीटरने कमीच. सर्वात उंच वॉशिंग्टनही 1917 मीटरच. पण ही रांग 44 अंश उत्तर अक्षांशावर आहे आणि इथे साधारण 1400 मीटरच्या वर झाडं संपतात. हिमालयात जी उघडी-बोडकी परिस्थिती साडेतीन-चार हजार मीटरनंतर येते, ती इथे दीड हजाराच्या आतच सुरू होते. मॅडिसनपासून शेवटच्या पिअर्सपर्यंत सुमारे 20 किलोमीटर आडोसा जवळजवळ नाहीच. वॉशिंग्टनच्या माथ्यावर 12 एप्रिल 1934 रोजी ताशी 372 किलोमीटरचा वारा मोजला गेला होता. तो विक्रम बाजूला ठेवला तरी तिथलं जुलैचं सरासरी तापमान 9-10 अंशांच्या आसपास असतं आणि माथा वर्षातला निम्म्याहून अधिक काळ ढगात असतो.

आता वेळेचा हिशेब. अंतर सुमारे 32 किलोमीटर, एकूण चढाई सुमारे 2700 मीटर. तिथले ट्रेकर एक साधा नियम वापरतात: दर 1.6 किलोमीटरला अर्धा तास आणि दर 300 मीटर चढाईला आणखी अर्धा तास. त्यानुसार चालण्याचे 10 आणि चढाईचे साडेचार, असे साडेचौदा तास होतात. यात विश्रांती धरलेली नाही. खाणं, पाणी भरणं, कपडे बदलणं यांना तास-सव्वा तास दिला की हिशेब पावणेसोळा तासांच्या घरात जातो. जूनच्या अखेरीस तिथे दिवस सव्वापंधरा तासांहून थोडा मोठा असतो. म्हणजे वर्षातल्या सर्वात मोठ्या दिवशीसुद्धा सकाळी किंवा संध्याकाळी हेडलॅम्प लागणारच. मग अंधार सकाळच्या वाट्याला येऊ द्यावा, कारण पहिला टप्पा झाडीतला आणि मळलेल्या वाटेचा आहे. सप्टेंबरात दिवस साडेबारा-तेरा तासांवर येतो, तेव्हा हा ट्रेक एका दिवसाचा राहत नाही.

दिशा उत्तरेकडून दक्षिणेकडे ठेवावी. उत्तरेचं अपालाचिया वाहनतळ सुमारे 400 मीटरवर आहे. तिथून व्हॅली वे या वाटेने 6 किलोमीटरमध्ये हजारेक मीटर चढून मॅडिसन हट या डोंगरावरच्या निवाऱ्याला पोहोचता येतं. पुढचे मॅडिसन, अ‍ॅडम्स आणि जेफरसन हेच खरे कष्टाचे. ते ताज्या पायांनी झालेले बरे. वॉशिंग्टननंतर मन्रो, आयझेनहॉवर आणि पिअर्स ही शिखरं सौम्य आहेत आणि क्रॉफर्ड पाथ ही 1819 सालची वाट चांगली बांधलेली आहे. (मधल्या क्ले शिखराचं नाव राष्ट्राध्यक्षाचं नाही आणि सातांतही ते मोजलं जात नाही. वेळ कमी असेल तर त्याला बगल द्यावी.) मुख्य वाट म्हणजे गल्फसाइड ट्रेल. ती अ‍ॅडम्स आणि जेफरसनच्या माथ्यावर जात नाही, कडेने जाते. माथ्यासाठी वेगळी वाट धरावी लागते. धुक्यात चुकामूक होते ती नेमकी इथे.

उत्तरेकडच्या भागात वाट म्हणजे माती नव्हे, गोठण-वितळणीने फुटलेल्या खडकांचा खच. टीव्हीएवढे, फ्रिजएवढे कोनेदार दगड एकावर एक पडलेले. कोरडे असताना पकड उत्तम मिळते. ओले झाले की त्यांच्यावरचं काळं शेवाळ साबणासारखं निसरडं होतं. इथे काठ्या दुमडून सॅकला लावाव्यात. काठीचं टोक दोन दगडांच्या फटीत अडकतं, शरीर पुढे जातं आणि काठी तरी मोडते नाहीतर मनगट तरी. पाय दगडाच्या कडेवर न देता मध्यावर द्यावा, पूर्ण भार टाकण्याआधी दगड डुगडुगतो का ते पाहावं, नजर पुढच्या दोन-तीन दगडांवर असावी. ताशी दीड किलोमीटर हाच इथला प्रामाणिक वेग. जमिनीवरचा वेग धरून आखलेलं वेळापत्रक कोलमडतं ते याच पट्ट्यात.

वेळापत्रकापेक्षा महत्त्वाच्या आहेत मागे फिरण्याच्या वेळा. पहाटे 4 ला निघाल्यास हट 7 वाजता, अ‍ॅडम्स सव्वानऊ, एडमंड्स कोल ही खिंड सव्वादहा, वॉशिंग्टन दीड, लेक्स ऑफ द क्लाउड्स हट 3, पिअर्स 6 आणि रस्ता पावणेआठ, असं साधारण बसतं. खिंडीत पोहोचायला 11 वाजून गेले तर तिथून रँडॉल्फ पाथने उत्तरेला उतरावं. पूर्वेला ग्रेट गल्फ या खोल दरीत उतरणाऱ्या वाटा नकाशावर जवळच्या दिसतात, पण त्या कड्यासारख्या तीव्र आहेत. घाईत त्यांच्या वाटेला जाऊ नये. क्लेनंतर पश्चिमेला ज्युएल ट्रेल आहे. तिचा वरचा भाग उघडा असला तरी उतार सोसवणारा आहे. लेक्स हटपासून अ‍ॅमोनूसक रॅव्हिन ही वाट लवकर झाडीत नेते, मात्र ओल्या कातळावर ती अवघड होते. आयझेनहॉवरजवळची एडमंड्स पाथ सर्वात सोपी. वॉशिंग्टनवर मोटाररस्ता आणि 1869 पासूनची रेल्वे आहे, म्हणून खाली जायला जागा मिळेलच असं धरून चालू नये. विजा कडाडू लागल्या तर पुढचं शिखर विसरून सर्वात जवळच्या झाडीकडे उतरावं.

वाऱ्याचा जोर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. वेग दुप्पट झाला की जोर चौपट. ताशी 80 किलोमीटरचा झोत डुगडुगत्या दगडावर उभ्या माणसाचा तोल घालवायला पुरेसा आहे. माउंट वॉशिंग्टन वेधशाळा उंच शिखरांसाठी वेगळा अंदाज देते, तोच पाहावा, पायथ्याच्या गावाचा नव्हे. त्यात सलग वारा ताशी 65 किलोमीटरच्या वर किंवा दुपारी गडगडाट सांगितला असेल तर दिवस बदलावा.

आपल्याकडचा पोंचो इथे निरुपयोगी. वाऱ्यात तो शिडासारखा फुगतो. अंगाबरोबर बसणारं, टोपीचं वॉटरप्रूफ जॅकेट आणि पँट हवी. सुती टीशर्ट घामाने भिजला की 8 अंशांच्या वाऱ्यात अंगातली ऊब झपाट्याने ओढून घेतो. जुलै असला तरी लोकरीची टोपी, हातमोजे आणि कोरडा गरम थर प्लास्टिकच्या पिशवीत बांधून न्यावा. सोबत्याला जॅकेटची चेन लावता येईना, तो अडखळायला आणि तोंडातल्या तोंडात बोलायला लागला, तर शरीराचं तापमान उतरू लागलं आहे असं समजावं. आधी ओले कपडे बदलावेत, गोड खायला द्यावं आणि उतरायला लागावं. थांबून वाट पाहिली की तो आणखी गार पडतो.

पाणी हंगामात दोन्ही हटवर आणि वॉशिंग्टनच्या माथ्यावर मिळतं. मॅडिसन हट ते वॉशिंग्टन या टप्प्यात झरे आहेत, पण त्यांच्या भरवशावर राहू नये. हटवरून निघताना प्रत्येकाकडे 3 लिटर असावं. सुरुवात आणि शेवट डोंगराच्या दोन टोकांना आहे, तेव्हा दुसरी गाडी आदल्या दिवशीच दक्षिण टोकाच्या क्रॉफर्ड नॉच या खिंडीत लावून ठेवावी. निष्काळजीपणा दिसला तर न्यू हॅम्पशर राज्य बचावकार्याचा खर्च वसूल करू शकतं. 25 डॉलरचं वार्षिक हाइक सेफ कार्ड घेतलं असेल तर हा भुर्दंड सहसा टळतो, मात्र बेदरकारपणाला सूट नाही.

पुरवणीत हा नकाशा पुन्हा छापण्याचा योग आला, तर लाल रेघेशेजारी रँडॉल्फ पाथ, ज्युएल, अ‍ॅमोनूसक आणि एडमंड्स पाथ या चार वाटा निळ्या रंगात दाखवाव्यात, ही विनंती.

आपला,
एक नियमित वाचक