दादा तारू बघायला निघालाय

लोद, इस्राएल

प्रिय सुध्या,

पत्र बघून दचकू नकोस, सगळे जिवंत आहेत. गुडघे माझे, साखर हिची, बस्स.

विषय दादाचा. त्याला रॉन वायटने झपाटलंय. अमेरिकेतला भूल देणारा नर्स. कुदळ घेऊन इकडे यायचा आणि त्याला लाल समुद्रात फारोच्या रथांची चाकं, जेरुसलेमात दहा आज्ञांची पेटी म्हणजे कराराचा कोश, तुर्कस्तानात प्रलयातलं नोहाचं तारू, सगळं सापडायचं. १९९९ मध्ये वारला, पण यूट्यूबवर ठणठणीत आहे.

आता दादा साठवलेले पैसे मोडून तुर्कस्तानात, त्या तारवाच्या जागी, दुरुपिनारला निघालाय. १९५९ साली एका तुर्की कप्तानाला विमानातून काढलेल्या फोटोंत तिथे होडीच्या आकाराचा उंचवटा दिसला होता. दादा गणित मांडतो: शास्त्रात तारवाची लांबी तीनशे हात, जुना मिसरी राजहात धरला की १५७ मीटर, बरोब्बर! म्हटलं, पन्नास हात रुंदी म्हणजे २६ मीटर, तिथे ४० च्या वर कशी? तर म्हणे, बाजू फाकल्या. मग लांबी का नाही फाकली? ताटावरून उठला. वायटबरोबर हिंडलेल्या डेव्हिड फासोल्डनेच १९९६ मध्ये लॉरेन्स कॉलिन्स या भूशास्त्रज्ञाबरोबर लिहून टाकलं की तो साधा नैसर्गिक खडक आहे. त्यावर दादा म्हणतो, "फितला तो."

जेरुसलेमच्या मंदिराच्या डोंगराची माती चाळायलाही नेलं रे त्याला. १९९९ मध्ये ट्रक भरभरून किद्रोनच्या खोऱ्यात टाकलेली ती माती. २००४ पासून हौशी लोक बादली बादली धुऊन चाळतात. पाण्याचा पाइप सोडला की चिखल वाहून जातो आणि चाळणीवर खापऱ्या, काच, हाडं, फरशीचे चौकोनी खडे उरतात. मला मडक्याची एक कड मिळाली, मी खूश. दादा विचारतो, "यावर नाव कुठे आहे?"

आणि हाच माणूस, सुध्या! सागावच्या खडकावर आमच्या एलियाहू हनाबी संदेष्ट्याच्या रथाच्या खुणा तू मोजायला गेलास, तर "हनाबीला टेप लावतोस?" म्हणून तुझ्या बापाची टेप विहिरीत फेकणारा. (ती अजून भरून दिलेली नाही, माहीत आहे. माझ्याकडे मागू नकोस.) तेव्हा त्याला पुरावा लागत नव्हता. वहिनी गेल्यापासून आमच्या मशिदीत, म्हणजे सिनेगॉगमध्ये येत नाही, प्रसादाच्या मलिद्याला हात लावत नाही. परवा म्हणाला, "तारू खरं निघालं, तर बाकीचंही खरं असेल." मला काही बोलताच आलं नाही. पैशांचं सोड, तिथे एखाद्या गाइडने हसून माती म्हटलं तर?

माझं तो ऐकत नाही, तुझं शिव्या देत का होईना ऐकतो. फोन कर. जाऊ नको म्हणालास तर उद्याच निघेल. तिकडे बर्फ आहे, उन्हाळ्यात जा, एवढंच सांग.

धाकटीचं ठरलं का? जागेचा दावा लांबलाच असेल. मोहोर कसा आहे यंदा, कळव.

तुझा,
शमू