लक्ष्मणफळाची पानं उकळून प्या असं छापण्याआधी

मा. संपादक,
स.न.वि.वि.

तुमच्या आरोग्य पुरवणीत लक्ष्मणफळावर आलेला लेख वाचला, वर "केमोपेक्षा दहा हजार पट पॉवरफुल" अशी हेडलाइन आणि खाली रोज पानांचा काढा प्यायचा सल्ला. हा मेसेज व्हॉट्सअ‍ॅपवर कित्येक वर्षं फिरतोय, पण तिथलं वेगळं आणि पेपरात छापून आलेलं वेगळं, पेपरातलं कात्रण लोक जपून ठेवतात आणि घरात कुणाला कॅन्सर असला की त्याच्यासमोर ठेवतात, म्हणून हे लिहितेय.

दहा हजारचा आकडा हवेतला नाहीये, तो १९९६ च्या एका रिसर्च पेपरातून आलाय. अमेरिकेतल्या पर्ड्यू युनिव्हर्सिटीत या फळाच्या बियांमधून काही कंपाउंड वेगळी काढली, त्यातलं सिस-अ‍ॅनोनासिन हे आतड्याच्या कॅन्सरच्या एचटी-२९ नावाच्या पेशींवर टाकून पाहिलं तर अ‍ॅड्रियामायसिन या केमोच्या औषधापेक्षा दहा हजार पट प्रभावी निघालं. आता यात बघा, बियांमधून काढलेलं, पानांतून नाही, शुद्ध केलेलं, काढा नाही, आणि एका प्रकारच्या पेशींवर, लॅबमधल्या डिशमध्ये. माणसाचा यात कुठेच संबंध नाही. माणसांवर नीट ट्रायल होऊन या झाडाने कॅन्सर बरा होतो असं आजवर सिद्ध झालेलं नाही, तुमच्या लेखात ही एक ओळ तरी हवी होती.

आणि ही कंपाउंड पेशी मारतात कशी हे सांगितल्याशिवाय विषय पूर्णच होत नाही. यांना अ‍ॅसिटोजेनिन म्हणतात, ३५ किंवा ३७ कार्बनची लांबलचक साखळी, बहुतेकांत मध्ये ऑक्सिजनवाली छोटी रिंग आणि एका टोकाला लॅक्टोन नावाची आणखी एक रिंग. लक्ष्मणफळ, सीताफळ, रामफळ या सगळ्या घराण्यात ती सापडतात. पेशीतल्या मायटोकॉन्ड्रियात ऊर्जा तयार होते, तिथल्या कॉम्प्लेक्स वन नावाच्या एन्झाइमला ती अडवतात, मग एटीपी, म्हणजे पेशीचं इंधन, तयार होणं कमी होतं आणि पेशी उपाशी मरते. कॅन्सरच्या पेशीला भरपूर ऊर्जा लागते म्हणून तिच्यावर परिणाम होतो हे बरोबर, पण मेंदूतल्या पेशींनाही भरपूर लागते ना! रोटेनोन हे कीटकनाशक नेमकं याच एन्झाइमला अडवतं, आणि उंदरांमध्ये पार्किन्सनसारखी (हातपाय थरथरणं, हालचाल मंदावणं) अवस्था निर्माण करायला लॅबमध्ये तेच वापरतात.

कॅरिबियन समुद्रातल्या ग्वाडलूप बेटाचं उदाहरण तर लेखात यायलाच हवं होतं. तिथे हे फळ आणि पानांचा काढा दोन्ही चालतं. १९९९ साली डॉमिनिक कापारो-लफेव्र आणि अलेक्सिस एल्बाझ यांनी लॅन्सेट या मेडिकल जर्नलमध्ये लिहिलं की तिथल्या ८७ पेशंटपैकी फक्त २२ जणांना नेहमीचा पार्किन्सन होता, बाकी बहुतेकांचा आजार वेगळ्याच प्रकारचा, नेहमीच्या लेव्होडोपा औषधाला दाद न देणारा, आणि असे पेशंट हे फळ आणि काढा जास्त घेणारे होते. पुढे २००४ मध्ये उंदरांना २८ दिवस शिरेतून लक्ष्मणफळातलंच एक अ‍ॅसिटोजेनिन, अ‍ॅनोनासिन दिलं तेव्हा ते मेंदूत पोचलं, तिथलं एटीपी कमी झालं आणि डोपामिनवाल्या पेशी, ज्या पार्किन्सनमध्ये मरतात त्याच, मेल्या. फळामुळेच माणसांना तो आजार झाला असं यातून सिद्ध होत नाही, उंदरांना शिरेतून दिलं होतं, तोंडाने नाही, हेही मी इथे मुद्दाम लिहितेय कारण मला उलट्या बाजूची भीती पसरवायची नाहीये. कधीतरी एक फळ खाल्लं तर घाबरायचं काही नाही. पण महिनोन्‌महिने रोज काढा पिणं ही वेगळी गोष्ट आहे आणि तुमचा लेख नेमकं तेच करायला सांगतो.

(सीताफळाच्या बियांची पूड उवांसाठी लावताना डोळ्यात गेली तर बुबुळाला इजा होते, डोळ्यांच्या डॉक्टरांना हे चांगलं माहीत आहे, म्हणजे या घराण्याला "नॅचरल आहे, साइड इफेक्ट नाहीत" हे लेबल लागतच नाही.)

झाडातून औषध निघतच नाही असं मी म्हणत नाहीये. सदाफुलीतून व्हिन्क्रिस्टीन मिळालं आणि लहान मुलांच्या ल्युकेमियात त्याने केवढा फरक पडला, पण ते शुद्ध करून, मोजून, शिरेतून देतात आणि देताना नसांवर काय परिणाम होतोय ते डॉक्टर बघत असतात. अ‍ॅसिटोजेनिनवरही असं काम व्हावं, जरूर व्हावं, मला स्वतःला त्याची फार उत्सुकता आहे.

तोपर्यंत माझी विनंती एवढीच आहे की पुढच्याच पुरवणीत, त्याच पानावर आणि तेवढ्याच मोठ्या अक्षरात खुलासा छापा, तो आकडा डिशमधल्या पेशींचा होता आणि काढ्याचा सल्ला मागे घेतोय असा. ज्यांची केमो सुरू आहे त्यांनी ती थांबवू नये आणि काढा सुरू केला असेल तर आपल्या डॉक्टरांना आधी सांगावं, हेही त्यात असू द्या.

आपली,
एक नियमित वाचक